समासातील नोंद

आमच्या मेजाच्या खणात एक लिफाफा जपून ठेवलेला आहे. त्यावर आमच्याच कार्यालयाचा शिक्का आहे आणि आत आमच्याच सहीचे पत्र आहे. विवाहाला २५ वर्षे पूर्ण झालेल्या दांपत्यांसाठी आमच्या धर्मग्रामात दरवर्षी कृतज्ञतेची मिस्सा अर्पण केली जाते; तिचे ते निमंत्रण. लिफाफ्यावर पती आणि पत्नी अशी दोघांची नावे आहेत. ज्या भगिनीच्या घरी तो गेला, ती एके दिवशी सकाळच्या मिस्सेनंतर सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिने लिफाफा आमच्या हातात ठेवला आणि एवढेच म्हणाली, "फादर, ह्यांना तुम्हीच माती दिली होती."

त्या गोष्टीला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. अंत्यविधी आम्हीच केला होता. घरी जाऊन कुटुंबाचे सांत्वनही आम्हीच केले होते. मृत्यूच्या रजिस्टरात नोंद करून तिच्याखाली सही करणारा हातही आमचाच, आणि निमंत्रणावर सही करणारा हातही आमचाच. आम्ही क्षमा मागितली. तिने मान हलवली आणि ती निघून गेली. रागावली असती तर बरे झाले असते, असे आम्हांला त्या दिवशी वाटत राहिले.

चूक कोणाची, याचा शोध घेतला तेव्हा ती कोणाचीच नाही असे दिसून आले, आणि हीच गोष्ट अधिक खटकली. विवाहाच्या रजिस्टरातील २५ वर्षांपूर्वीची पाने उघडून कार्यालयाने यादी केली होती. ती अचूक होती. मृत्यूच्या रजिस्टरातील नोंद वेळच्या वेळी झाली होती; तीही अचूक होती. परंतु ही दोन रजिस्टरे एकाच कपाटात शेजारी शेजारी उभी असूनही त्यांचे एकमेकांशी बोलणे नव्हते. आणि आमच्याकडे वह्या काही दोनच नव्हत्या. धर्मशिक्षणाची हजेरी निराळी, दफनभूमी समितीची वही निराळी, लहान ख्रिस्ती समूहांच्या कुटुंबयाद्या निराळ्या, गरजू कुटुंबांना मदत करणाऱ्या समितीची चोपडी निराळी. शिवाय कोणा एका उत्साही तरुणाने संगणकावर केलेली वर्गणीची एक्सेलची फाईल होती, ती कोणत्या वर्षाची हे त्यालाही आठवत नव्हते. या कानाची खबर त्या कानाला नाही, अशी आमच्या कार्यालयाची स्थिती होती. पूर्वी एक वयस्क कारकून होते. त्यांच्या डोक्यात सारा गाव होता. कोण गेले, कोण आले, कोणाची लेक कोठे दिली, हे त्यांना न विचारता कळत असे. ते निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर आमचा खरा माहितीकोशही घरी गेला.

धर्मगुरूचे आयुष्य वेदीपुढे जाते तसे ते वह्यांपुढेही जाते, हे सेमिनरीत आम्हांला सांगण्यात आले होते; परंतु त्या वयात ते कोणाला पटते? धर्मकायद्याच्या तासाला रजिस्टरांचा पाठ आला की वर्गाला डुलकी लागत असे. आज तो पाठ आम्हांला वेगळ्या अर्थाने आठवतो. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाहाची नोंदवही ठेवण्याचे बंधन प्रत्येक धर्मग्रामाच्या गुरूवर घातले. गुप्त विवाह लावून पुढे तो नाकारायचा आणि स्त्रीला वाऱ्यावर सोडायचे, या प्रकाराला आळा बसावा, हा त्यामागील एक मोठा हेतू होता. पुढे १६१४ साली पोप पाचवे पॉल यांच्या काळात रोमन विधिग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात पाच वह्या सांगितल्या आहेत : स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि पाचवी 'आत्म्यांची स्थिती' या नावाची. या पाचव्या वहीत घराघरांप्रमाणे कुटुंबातील प्रत्येक माणूस लिहायचा आणि कोणाचे कोणते संस्कार झाले ते नोंदवायचे. म्हणजे चार वह्या घटनांच्या आणि पाचवी माणसांची. आमच्या कार्यालयात घटनांच्या वह्या सुस्थितीत होत्या. माणसांची वही मात्र हरवली होती.

आणखी एक गोष्ट आम्हांला नव्याने जाणवली. १९०७ साली 'ने तेमेरे' या आदेशाने असे ठरवून दिले की, विवाह कोठेही होवो, त्याची नोंद वर आणि वधू यांच्या स्नानसंस्काराच्या रजिस्टरातही झाली पाहिजे. १९८३ च्या धर्मकायद्यानेही तोच नियम कायम ठेवला आहे. म्हणून आपल्या गावात बाप्तिस्मा झालेल्या मुलीचे लग्न मुंबईत वा गोव्यात लागले, तर तेथील फादरांकडून आपल्या चर्चला सूचना येते आणि तिच्या बाप्तिस्म्याच्या ओळीशेजारी, पानाच्या समासात, ते लग्न बारीक अक्षरांत लिहिले जाते. दृढीकरण, दत्तकविधान, गुरुदीक्षा, व्रतस्थ जीवनाचे अखेरचे शपथग्रहण, हे सारे त्याच समासात. माणूस जगात कोठेही जावो, त्याची मूळ ओळ एकच. बाकीचे सारे तिच्याकडे परत येते. संगणकाचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी धर्मसभेने अनेक कार्यालयांचा एक सामाईक डेटाबेस उभा केला होता. टपालाच्या गतीने का होईना, पण तो चालत होता.

हा विचार आम्ही पॅरिश कौन्सिलपुढे मांडला. धर्मग्रामातील संगणक क्षेत्रात काम करणारा एक तरुण पुढे आला. त्याने प्रथम यंत्राविषयी काहीच विचारले नाही. कागद पुढे ओढून तो म्हणाला, "फादर, आधी मला सांगा, तुमच्याकडे कुटुंब कशाला म्हणतात?"

आम्हांला हसू आले. परंतु समित्यांनी उत्तरे देण्यास सुरुवात केली आणि हसू मावळले. वर्गणी घेणाऱ्यांच्या मते एक चूल म्हणजे एक कुटुंब. दफनभूमी समितीच्या मते एक घराणे म्हणजे एक कुटुंब. तेथे चार भावांच्या चार चुली एकाच ओळीत. धर्मशिक्षणवाल्यांच्या मते मुलाला वर्गात आणून सोडणारे ते कुटुंब, मग ती आजी असो की मामा. आणि नोकरीसाठी आखातात गेलेला मुलगा कोणाच्या यादीत धरायचा? लग्न करून गेलेली पण वैधव्य आल्यावर माहेरी परतलेली लेक कोणाची? ती तर कोणाच्याच यादीत नव्हती. आमच्याकडे तेव्हा अशा तीन भगिनी निघाल्या. रोज मिस्सेला येणाऱ्या, परंतु आमच्या एकाही कागदावर नसलेल्या.

त्या तरुणाने मग आम्हांला समजेल अशा भाषेत सांगितले. १९७० साली आय.बी.एम. कंपनीत काम करणारे एडगर कॉड नावाचे संशोधक होते. अनेकांनी मिळून वापरायच्या मोठ्या माहितीसाठ्यांची मांडणी कशी असावी, यावर त्यांनी त्या वर्षी एक निबंध लिहिला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, प्रत्येक ओळीला स्वतःची एक खूण असावी आणि त्या खुणेच्या आधारे एक तक्ता दुसऱ्याशी जोडावा, हा त्यातला गाभा. या मांडणीत तीच गोष्ट दहा ठिकाणी लिहिण्याची गरज उरत नाही. दहा ठिकाणी लिहिली की एक दिवस नऊ ठिकाणी बदलते आणि दहाव्या ठिकाणी राहून जाते. त्या दहाव्या ठिकाणाहूनच आमचा लिफाफा निघाला होता.

त्या वर्षीच्या उपवासकाळात, क्रुसाची वाट झाल्यावर, पाचही समित्यांची माणसे कार्यालयात बसू लागली. माणसांचा तक्ता एक, घरांचा एक, संस्कारांचा एक, समूहांचा एक. आणि माणसाच्या ओळीत त्याचे नाव एकदाच. ऐकायला सोपे, करायला कठीण. एकच आडनाव कोठे परेरा तर कोठे पेरेरा, कोठे रॉड्रिग्ज तर कोठे रॉड्रिक्स. यंत्राच्या दृष्टीने ती दोन माणसे, गावाच्या दृष्टीने एक. उलट जोसेफ हे नाव आणि एकच आडनाव असलेले सहा जण निघाले. यंत्राने ते एकच ठरवून टाकले असते. त्यांतील दोघांच्या बापांची नावेही सारखी. शेवटी आळीवरून आणि घराला पडलेल्या जुन्या नावावरून ते वेगळे केले. काही ठिकाणी जन्मतारखेच्या जागी बाप्तिस्म्याची तारीख पडलेली. एका फाईलमध्ये ०३/०४ अशी तारीख असली की ती तीन एप्रिल की चार मार्च, हे मूळ रजिस्टर उघडल्याशिवाय कळत नसे. म्हणून एक नियम केला : शंका आली की कागदाचे रजिस्टर खरे. यंत्र हे वाट दाखवण्यासाठी. साक्ष द्यायची ती शाईनेच.

प्रत्येकाला क्रमांक द्यायचा असे ठरले, तेव्हा एक ज्येष्ठ गृहस्थ चिडले. "फादर, आम्ही काय तुरुंगातले कैदी आहोत?" असे त्यांनी सभेत विचारले. प्रश्न अगदीच पोकळ नव्हता. दावीद राजाने प्रजेची गणती केली आणि देशावर आपत्ती ओढवली, ही शमुवेलच्या दुसऱ्या ग्रंथातील कथा आमच्याही मनात होती. दावीद आपले सैन्यबळ मोजत होता. परंतु शुभवर्तमानातील मेंढपाळही मोजत होताच की! शंभरातील एक हरवले, हे त्याला मोजल्याशिवाय कसे कळले असते? मोजणारा कशासाठी मोजतो, यावर सारे अवलंबून आहे. आम्ही त्या गृहस्थांना म्हणालो, "तुमच्या नावाचे आणखी कोणी गेले, तर तुमच्या घरी शोकपत्र येऊ नये म्हणून हा क्रमांक." ते हसले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच आपल्या घराची माहिती घेऊन आले.

एकच वही यायची राहिली होती, मदत समितीची. ती एका निवृत्त शिक्षिकेकडे असे. सारा गाव त्यांना बाई म्हणतो. कोणत्या घरी दरमहा धान्य जाते, कोणाच्या औषधाला किती दिले, कोणाच्या मुलांची फी भरली, हे त्यांच्या वळणदार अक्षरांत एका निळ्या वहीत होते. त्या वही देईनात. आज आणते, उद्या आणते, असे चालले. आम्हांला तो जुन्या माणसाचा हट्ट वाटला. आम्ही म्हणालो, "बाई, वही तुमची नाही, धर्मग्रामाची आहे." त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि दुसऱ्या दिवशी वही आणून दिली. त्या वेळी त्या काही बोलल्या असत्या तर कदाचित आम्ही थांबलो असतो, असे आता म्हणणे ही आमची पळवाट आहे. त्यांचे न बोलणे आम्हांला समजायला हवे होते.

ईस्टरनंतर सारे जोडले गेले आणि काम झरझर होऊ लागले. पूर्वी अर्धा दिवस लागणारा दाखला दहा मिनिटांत मिळू लागला. आम्ही समाधानी होतो. जून महिन्यात धर्मशिक्षणाचे वर्ग सुरू झाले. वर्गणीची यादी छापण्यासाठी एका स्वयंसेवकाने संगणक उघडला. मुलाच्या नावापुढे घर, घरापुढे समूह, आणि त्याच ओळीत पुढे मदत समितीचा रकाना. यादी जशी होती तशी छापली गेली आणि वर्गावर गेली. स्वयंसेवकाच्या मनात काही वाईट नव्हते. परंतु मुलांच्या डोळ्यांना कोण अडवणार? पाचवीतल्या एका मुलीला तिच्या शेजारच्या मुलाने सर्वांसमक्ष विचारले, "तुमच्याकडे चर्चमधून तांदूळ येतात ना?"

पुढच्या महिन्यात तिची आई धान्य घ्यायला आली नाही. त्याच्या पुढच्याही महिन्यात आली नाही. आम्ही त्यांच्या घरी गेलो. तिने आम्हांला खुर्ची दिली, चहा केला. चहात साखर बेताचीच होती. आम्ही विषय काढताच ती म्हणाली, "आता गरज नाही फादर. दुसऱ्या कोणाला द्या." मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. परत येताना आम्हांला तो लिफाफा आठवला. पहिली चूक कोणाला काही माहीत नव्हते म्हणून झाली होती. दुसरी चूक सर्वांना सारे माहीत झाले म्हणून झाली. पहिली आम्ही सुधारली, आणि ती सुधारतानाच दुसरी केली. पहिलीच्या वेळी 'चूक कोणाचीच नाही' असे म्हणता आले होते. दुसरी मात्र स्पष्टपणे आमची होती. 'वही धर्मग्रामाची आहे' हे वाक्य आमचे होते.

दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असे प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. या उपदेशावर आम्ही कितीतरी वेळा प्रवचन केले असेल. देणाऱ्याने बढाई मारू नये, एवढाच अर्थ आम्ही सांगत आलो. घेणाऱ्याची लाज राखली जावी, हाही अर्थ त्यात आहे, हे त्या घरच्या चहाने आम्हांला शिकवले. धर्मकायद्याच्या २२० व्या कलमात कोणाचेही सुनाम आणि खाजगीपणा यांना अन्यायाने बाधा आणू नये असे म्हटले आहे. २०२३ साली आपल्या संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा संमत केला. एका कारणासाठी संमतीने घेतलेली माहिती त्याच कारणापुरती वापरावी, हे त्याचेही एक सूत्र आहे. ती माउली आपले दारिद्र्य बाईंना सांगून गेली होती. तिने ते पाच समित्यांना सांगितले नव्हते.

आम्ही त्या तरुणाला बोलावून सारे सांगितले. तो ओशाळला. खरे म्हणजे कोणाला काय दिसावे हे ठरवण्याची सोय त्याने आरंभीच सुचवली होती. घाई आम्हीच केली होती. आता धर्मशिक्षणाच्या शिक्षकाला आपल्या वर्गातील मुले, त्यांचे संस्कार आणि पालकांचा फोन एवढेच दिसते. दफनभूमी समितीला घराणे आणि मृत्यूची नोंद दिसते. वर्गणी कोणी दिली आणि कोणी नाही, हे खजिनदाराखेरीज कोणाला दिसत नाही. दत्तकविधानासारख्या नोंदी यंत्रात घातलेल्याच नाहीत. त्या रजिस्टरात आहेत आणि रजिस्टराच्या कपाटाची किल्ली आमच्याकडे आहे. कोणी कोणती नोंद केव्हा बदलली, हेही यंत्र लिहून ठेवते. दर शनिवारी साऱ्या माहितीची एक प्रत निघून तिजोरीत जाते आणि एक प्रत चर्चच्या आवाराबाहेर ठेवली जाते.

मदत समितीचा रकाना आम्ही पुसून टाकला. निळी वही बाईंना परत देण्यासाठी आम्ही स्वतः त्यांच्या घरी गेलो. क्षमा मागितली. त्यांनी वही घेतली, पदराने पुसली आणि म्हणाल्या, "फादर, शाळेत मी चाळीस मुलांची गुणपत्रके करत असे. पण कोणाच्या डब्यात काय नाही, ते कधी कोठे लिहिले नाही." एवढे बोलून त्या आत चहा ठेवायला गेल्या.

प्रायश्चित्त संस्कारात कानावर पडणाऱ्या गोष्टींची वही नसते. ज्या धर्मसभेने जन्म, विवाह आणि मृत्यू लिहून ठेवण्याची सक्ती केली, तिनेच त्या गोष्टींबाबत कायमचे मौन बाळगण्याची सक्तीही केली. हे दोन्ही नियम आम्ही सेमिनरीत वेगवेगळ्या तासांना शिकलो, म्हणून त्यांची गाठ कधी घातली नाही. मेंढपाळाला आपली मेंढरे नावानिशी ठाऊक असावीत, त्यासाठी लिहिणे आले. आणि ज्याला आपले म्हणायचे त्याची उघडी जागा झाकावी, त्यासाठी न लिहिणेही आले. कोणते लिहायचे आणि कोणते नाही, हे यंत्र सांगत नाही, कायदाही पुरते सांगत नाही. ते माणसाच्या दारात जाऊनच कळते.

गेल्या २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, त्या वर्षात देवाघरी गेलेल्यांची नावे मिस्सेत वाचली गेली. यादी याच डेटाबेसमधून निघाली होती. मृत्यूची नोंद झाली की नाव निमंत्रणांच्या यादीतून आपोआप निघते, पण ते पुसले जात नाही. तारखेसह तेथेच राहते आणि नोव्हेंबरात परत येते. त्या भगिनीच्या पतीचे नाव वाचले तेव्हा ती तिसऱ्या बाकावर होती. तिने क्रुसाची खूण केली. मिस्सेनंतर ती आमच्यापाशी आली नाही, आणि तिने यावे अशी अपेक्षा धरण्याचा आम्हांला अधिकारही नव्हता.

दुसरी माउली धान्याच्या रांगेत अजून परतलेली नाही. मुलगी धर्मशिक्षणाला येते. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, दिवेलागणीनंतर, बाई हातात कापडी पिशवी घेऊन त्या आळीकडे जाताना आम्हांला कार्यालयाच्या खिडकीतून दिसतात. कोणाकडे जातात, हे आम्ही विचारत नाही. निळ्या वहीत ते असेलच, किंवा नसेलही.

आज सकाळी टपालाने मुंबईच्या एका चर्चमधून सूचना आली. येथे बाप्तिस्मा झालेल्या एका मुलीचे तेथे लग्न लागले. ती यंत्रात भरली गेली. मग आम्ही कपाट उघडून तिच्या जन्मवर्षाचे रजिस्टर काढले, तिची ओळ शोधली आणि समासात, जुन्या गुरूंनी लिहिले तितक्याच बारीक अक्षरांत, तारीख, स्थळ आणि वराचे नाव लिहिले. शाई वाळेपर्यंत पान उघडे ठेवले. मग रजिस्टर मिटून कपाटाला कुलूप घातले.